पाहुणे आलेत!

सुरक्षा या विषयात माझा हात धरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ही बढाई नाही, पुरावा आहे! बिस्किटांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून केस पांढरे केले, आणि माझ्या कारकिर्दीत तिथे बिस्किटांखेरीज काहीही मोडलं नाही. त्यामुळे या उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचं ठरलं, तेव्हा मी लेकीला फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "तू बिनघोर राहा. मी आहे!"

"तुम्ही आहात म्हणूनच घोर लागतो, बाबा," लेक म्हणाली.

तिचंही चूक नव्हतं म्हणा. जावईबापूंच्या मनात मुलांना एका शिबिरात घालायचं होतं. तिथे प्रशिक्षण घेतलेले ताई-दादा असतात, डॉक्टर असतो, जेवणाआधी सगळे हात धुतात. लेकीने आमच्यासाठी रदबदली केली. शेवटी ठरलं ते असं: सुट्टीचा पहिला आठवडा आमच्याकडे, तोही चाचणी म्हणून. नीट पार पडला तर मुलं दर सुट्टीला येतील. नाहीतर आम्ही दोघांनी घरी बसून कॅरम खेळायचा. हिला कॅरममध्ये हरवणं मला आजवर जमलेलं नाही, तेव्हा काय पणाला लागलं होतं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता खरं सांगतो. मला भीती वाटत होती. ज्याला सुरक्षा कळते त्याला जगात सुरक्षित असं काही दिसतच नाही. तळं दिसलं की मला बुडणं दिसतं, झाड दिसलं की पडणं दिसतं. आणि गवत दिसलं की... ते नाव मी लिहीत नाही. लांब असतं, पाय नसतात आणि कुठे जाणार ते आधी सांगत नाही. होडीघराच्या भिंतीवर नियमांचा मोठा फलक होता. मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. शेजारी एक चित्रांचा फलक होता, त्यात त्या प्राण्याची चित्रं होती. तिथून मी मान फिरवून निघालो.

नातवंडं मात्र भलतीच निर्भय! नात आठ वर्षांची, तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. धाकटा नातू सगळ्या बाजूंनी गोल, म्हणून बटाटा.

पहिल्याच सकाळी दोरीच्या वेटोळ्यावर पाय पडून मी अशी काही आरोळी ठोकली, की बटाटा रडायला लागला. ही मला बाजूला घेऊन गेली.

"अहो, मुलांसमोर असं ओरडतात? आमच्या वॉर्डात असं कुणी केलं असतं, तर मी बाहेर काढलं असतं!"

ही हॉस्पिटलात हेड नर्स होती. निवृत्त झाली तरी वॉर्ड हिच्यातून निवृत्त झालेला नाही.

"मग काय करायचं?"

"आम्ही पेशंटसमोर सांकेतिक बोलायचो. कुणी गेलं तर 'गेले' म्हणायचो नाही. 'बदली झाली' म्हणायचो. बाकीचे पेशंट शांत झोपायचे."

मला ही पद्धत एकदम पसंत पडली. आम्ही ठरवून टाकलं की तो बिनपायांचा प्राणी दिसला, तर म्हणायचं 'पाहुणे आलेत.' शिवाय मी त्यात माझ्या अनुभवाची भर घातली. मुलांना संशय येऊ नये म्हणून पाहुण्यांविषयी अगदी माणसांविषयी बोलावं तसंच बोलायचं!

"ते कशाला?" हिने विचारलं.

"सुरक्षेच्या कामात अर्धवट काही करायचं नसतं," मी म्हणालो. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

आठवडा मी जीव मुठीत धरून काढला. पाण्याचा पाइप, पट्टा, बटाट्याचा वाळत घातलेला मोजा, सगळ्यांना मी 'पाहुणे' म्हटलं. ही प्रत्येक वेळी जाऊन बघायची आणि "गेले हो, गेले!" म्हणत परत यायची. मुलं हसायची. मला वाटायचं, चला, मुलं आनंदात आहेत, कुणाला कशाचा पत्ता नाही!

शेवटच्या दुपारी मी दोघांना घेऊन होडीत बसलो. तिघांच्याही अंगात तरंगणारी जाकिटं. बटाट्याला मी दोन घातली होती, त्यामुळे त्याचे हात खाली येत नव्हते. आम्ही काठापासून जरा आत गेलो असू, तेवढ्यात तंबूकडून हिची हाक आली.

"अहोऽऽ! पाहुणे आलेत!"

आजवर पाहुणे मला दिसायचे, हिला नाही. हिला दिसले म्हणजे ते खरे!

"कुठेऽऽ?" मी ओरडलो.

"तंबूत! लवकर या!"

"किती?"

"दोघं! एक जण तंबूत शिरून आडवं झालंय! आणि एक तर आल्या आल्या माझ्या गळ्यात पडलं!"

गळ्यात! माझ्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवट असा? आणि त्यातही ही ठरल्याप्रमाणे सांकेतिक भाषेत बोलत होती! केवढी ही शिस्त! मला भरून आलं.

"हलू नकोस!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. "तोंडाकडे बघू नकोस!"

"बघितलं की! वाळलंय हो तोंड! काही खायला घालू का?"

"काहीही घालू नकोस!"

"अहो, असं काय करता? लांबून आलेत, भूक लागली असेल!"

"म्हणूनच म्हणतोय!"

"आजोबा," वकीलबाई म्हणाल्या, "आजी हसतेय."

"ते हसणं नाही बाळा. धक्का बसला की माणसाचं तसं होतं."

मी वल्हवायला लागलो. घाईत एकच वल्हं मारत होतो, त्यामुळे होडी जागच्या जागी गोल फिरली. तळ्याचा काठ, झाडं, ही, पुन्हा काठ, पुन्हा झाडं! तिसऱ्या फेरीला बघतो तर ही दिसेना. शेवटी वकीलबाईंनी दुसरं वल्हं हातात घेतलं आणि आम्ही काठाला लागलो.

तंबूपाशी चिटपाखरू नव्हतं. हिची एक चप्पल वाटेत पालथी पडली होती. एकच! माणूस चालत गेला तर दोन्ही चपला घालून जातो. डोक्यात एकच शब्द घणासारखा बसत होता. बदली. बदली. बदली.

आणि तंबूतून आवाज आला.

"फुस्सऽऽ... फुस्सऽऽ..."

एवढा मोठा फूत्कार काढणारा पाहुणा किती लांब असेल? पळून जावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण मागे दोन लेकरं उभी होती, आणि हिच्या चपलेकडे बघून मला कसलंतरी बळ आलं.

"मागे व्हा!" मी म्हणालो.

"आजोबा, बाहेर बूट आहेत," वकीलबाई.

"माझे असतील!"

"तुमचे तुमच्या पायात आहेत."

"वाद नको!"

कोंडी करणे हा सुरक्षेचा पहिला धडा. मी डोळे मिटून तंबूची चेन खटकन ओढून बंद केली. मग धावत जाऊन एकेक खुंटी उपटली. तंबू फसकन खाली बसला. फूत्कार थांबला. आणि मग कापडाखालून काहीतरी उभं राहिलं, चांगलं कमरेएवढं!

"फणा काढला!" मी किंचाळलो आणि वल्ह्याने तो फणा ढकलला. जोरात नाही हो, नुसताच ढकलला. पण आमचा तंबू उतारावर होता, जागा मीच निवडली होती, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. गाठोडं घरंगळायला लागलं. घरंगळता घरंगळता त्याला दोन फणे फुटले, मग चार, आणि चारही फणे झाडत ते तळ्यात धप्पकन पडलं!

"आजोबा," बटाटा वर अडकलेले हात हलवत म्हणाला, "पाहुणे 'आई गं' म्हणाले."

तेवढ्यात झाडांमागच्या सामाईक स्वयंपाकघरातून ही आली. अख्खी! जिवंत! एका पायात चप्पल, हातात चहाचा ट्रे. हिच्या शेजारी बिस्किटांचा पुडा घेऊन माझी लेक.

मी आनंदाने हिच्याकडे धावलो. ही माझ्याकडे बघेचना. ही तंबू नसलेल्या जागेकडे बघत होती.

"अहो! जावईबापू झोपले होते ना तिथे!"

पाणी गुडघाभरच होतं, हे आधी सांगून टाकतो. चेन आतून सरकली. आधी एक हात आला, मग शेवाळ आलं, आणि शेवाळाखाली जावईबापूंचा चेहरा. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस जरा आडवा झाला होता. तो घोरतो हे लेकीने लग्नानंतर आम्हाला कधी कळू दिलं नव्हतं.

"तू 'पाहुणे आलेत' का म्हणालीस?" मी हिला विचारलं.

"अहो, मुलांना चकित करायचं होतं! म्हणून आपली लेक म्हणाली, नाव सांगू नकोस, नुसतं पाहुणे आलेत म्हण. आणि आनंदाच्या भरात माझी चप्पल वाटेत राहिली, तिथे तुमची ती भाषा कोण लक्षात ठेवतं?"

आम्ही जावईबापूंना खुर्चीवर बसवलं, माझा टॉवेल पांघरला, हातात चहा दिला. ते पांढरेफटक पडले होते, ओठ थोडे निळे. शून्यात बघत ते हळू आवाजात म्हणाले, "बाबा, एक सांगायचं होतं. माझी बदली झाली."

माझ्या हातातला कप सुटला. मी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"कधी?" मी कसंबसं विचारलं.

"कालच."

म्हणजे मी ढकललं त्याच्याही आधी! माझ्यावर आळ येणार नव्हता, तरी माझे दात वाजायला लागले.

"फार... फार त्रास झाला का?"

"छे, एकदम अचानक झाली. कळलंसुद्धा नाही."

"आणि आता कसं वाटतंय?"

"हलकं हलकं वाटतंय, बाबा."

मी खुर्चीसकट मागे सरकलो. "अगं!" मी हिला म्हणालो, "यांना अजून सोडवत नाहीये आपल्याला!"

"अहो, खरी बदली!" ही ओरडली. "ऑफिसातली! दुसऱ्या गावी!"

मग सगळा उलगडा झाला. घर हलवायचं होतं, सामान बांधायचं होतं. म्हणून मुलं आठवडाभर नाही, अख्खी सुट्टी आमच्याकडे ठेवता येतील का, हे विचारायला दोघं मुद्दाम आले होते. अख्खी सुट्टी! आणि मी काय केलं होतं? विचारायला आलेल्या माणसाला गाठोड्यात बांधून तळ्यात सोडलं होतं!

लेकीने आमच्या भाषेची सगळी कथा ऐकून घेतली. हसली नाही. तीच मला जास्त भीतीची गोष्ट वाटली.

"ही भाषा आजपासून बंद," ती म्हणाली. "पाहुणे म्हणजे पाहुणे. बदली म्हणजे बदली. आणि मुलांना इथे ठेवायचं की नाही, ते मी चहा संपेपर्यंत ठरवते."

ती चहा पिऊ लागली. मी तिच्या कपाकडे बघत बसलो. एकेका घोटाबरोबर माझी सुट्टी कमी होत होती. जाकिटांतून सुटलेल्या बटाट्याने माझ्या मांडीवर हात ठेवला. तो हात नसता, तर मी तिथेच रडलो असतो.

"आजोबा," वकीलबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पाहुणे आलेत. तुमच्या खुर्चीजवळ."

झाल्या प्रकाराने मी इतका वरमलो होतो, की या वेळी पाहुणचारात कसूर करायची नाही असं ठरवलंच. मागे न बघता, हात पसरून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "या, या! घरचंच समजा! उभे का? बसा! चहा घेणार ना?"

जावईबापूंनी हळूच दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मी खाली बघितलं. पाहुणे लांब होते. पाहुण्यांना पाय नव्हते. पाहुणे माझ्याच बुटाचा वास घेत होते.

त्यानंतरचं मला आठवत नाही. एकदम आठवतं ते मी झाडावर होतो तिथपासून. झाडावर चढणं किती धोक्याचं असतं, यावर मी कारखान्यात भाषण दिलेलं आहे.

खाली वकीलबाई शांतपणे गवतातून त्याला वाट करून देत होत्या. "पाणदिवड आहे. विषारी नसते. होडीघराच्या फलकावर चित्र आहे ना! ती रोज येते, आई, बेडूक शोधायला. आपण हललो नाही की निघून जाते. आम्ही पहिल्या दिवसापासून बघतोय."

"मग आजी-आजोबांना सांगितलं नाहीत?"

"आजोबा घाबरतात ना," बटाटा म्हणाला.

"आणि आज 'पाहुणे' का म्हणालीस?" लेकीने विचारलं. "सरळ साप म्हणायचं!"

"अगं, आजोबांसमोर कसं म्हणणार?" वकीलबाई म्हणाल्या. "ती भाषा त्यांच्यासाठीच तर आहे!"

लेकीने चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. मी फांदीला घट्ट मिठी मारून बसलो. ती माझ्याकडे वर बघत होती, आणि आता मात्र हसत होती.

"मुलं अख्खी सुट्टी इथेच राहतील," ती म्हणाली.

"खरंच?" मी वरून विचारलं. "माझ्या भरवशावर?"

"नाही, बाबा. तुम्हाला त्यांच्या भरवशावर ठेवून जातेय."

यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. एवढ्या वर्षांचा अनुभव आहे माझा! पण आधी कुणीतरी शिडी आणणं गरजेचं होतं.