एका शब्दाचे पैसे

ऊन फुकट, आणि ते धरायची ताटली सोन्याच्या भावानं! सोलरवाल्यांची ही लूट मी एकटा मोडून काढणार होतो!

दुकानदाराच्या अंदाजपत्रकात शेवटची ओळ होती : ‘छताची पाहणी व दिशानिश्चिती’. म्हणजे काय? तर एक टायवाला गच्चीवर येणार, होकायंत्र धरणार, ‘दक्षिण’ म्हणणार आणि माझा आठवड्याचा पगार खिशात घालून जाणार!

“एका शब्दाचे एवढे पैसे? तो शब्द मलाही येतो!” मी गरजलो.

बायको शिवणकाम करते. मशीन आणि इस्त्री मिळून तिची निम्मी कमाई विजेच्या बिलात जाते. दुसऱ्या मशीनसाठी साठवलेले पैसे तिनं माझ्या हातावर ठेवले. “अहो, शहाणपणा करा, पण बेतानं!”

मी पॅनेलं घाऊक बाजारातून उचलली. सांगाडा ठोकायला कोपऱ्यावरचा, खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर पकडला.

दुपारी ऑफिसात साहेब एका हरवलेल्या फायलीवरून माझी बिनपाण्यानं करत होते. तेवढ्यात वेल्डरचा फोन!

“दादा, पॅनेलांची तोंडं कुठल्या दिशेला करू?”

मी तोंड उघडलं, तोच साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. “उत्तर!”

“काय?” वेल्डर.

“उत्तर! मला आत्ताच्या आत्ता उत्तर पाहिजे!” साहेब.

“उत्तर... उत्तरच देतो, साहेब!” मी घामाघूम.

“कळलं, दादा!” फोन बंद.

‘कळलं’ म्हणाला, म्हणजे मी निर्धास्त. दक्षिण काय, शेंबडं पोरही सांगेल!

संध्याकाळी गच्चीवर गेलो. सगळी पॅनेलं दक्षिणेच्या उन्हाकडे पाठ करून बसलेली, रुसलेल्या जावयासारखी!

“अरे, हे काय केलंस?”

“तुम्हीच सांगितलंत की! तेही ओरडून, टेबल बडवून! म्हटलं, दादांचा उत्तरेवर भलताच जीव दिसतोय. असं पक्कं वेल्ड मारलंय, भूकंप आला तरी तोंड फिरवायची नाहीत!”

“आणि कापून फिरवायची झाली तर?”

त्यानं आकडा सांगितला. टायवाल्याच्या तिप्पट!

मागे बायको उभी होती. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचणी. तिनं पॅनेलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टाचणी काढली.

“माझ्या मशीनच्या पैशांचं काय केलंत? आता तरी नीट उत्तर द्या!”

“दक्षिण,” मी म्हणालो.

बघा, शब्द मला येत होता!