खाटेवरची टकटक

निकम मास्तर रिक्षात बसण्याआधीही टपावर टकटक करायचे. रिक्षावाला वैतागायचा, "बसा ना काका, रिकामीच आहे!"

ही खोड वॉर्डातली. नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका मनोरुग्णालयात मी वॉर्डबॉय म्हणून लागलो, तेव्हा आम्हा नव्यांना निकम मास्तर शिकवायचे. ते होते नर्स, पण सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. पहिला धडा असा, की पेशंटजवळ जाताना खाटेच्या दांडीवर टकटक करायची आणि विचारायचं, "येऊ का?" तो 'नको' म्हणाला तर मुकाट्याने मागे फिरायचं, थोड्या वेळाने पुन्हा यायचं.

"खाट म्हणजे त्याचं घर. लोकांच्या घरात असे घुसता का तुम्ही?"

सातपूरच्या कारखान्यातून आलेला थोरात माझ्याबरोबरच लागलेला, त्याला दंडातली ताकद बघूनच घेतलं होतं. तो म्हणाला, "अन् अंगावर धावून आला तर?"

"तर तो न विचारता आला. आपण रीत सोडायची नाही."

मग थोरात पोह्यांची बशी घेऊन दर वेळी 'नको' म्हणणाऱ्या एका आजोबांकडे खेपा घालत बसला. शेवटी आजोबाच कळवळले, "ये बाबा, पाय मोडतील तुझे!" आम्ही पोट धरून हसलो. मास्तरांनी मात्र त्याची पाठ थोपटली.

स्वतः मास्तर या परीक्षेत कायम नापास. शेवटच्या खाटेवर त्यांचा थोरला भाऊ होता, नामपूरचा. तिथे गेले की मास्तरांची शुद्ध भाषा गळून पडायची आणि घरची अहिराणी यायची. "मी शे, भाऊ. येऊ का?" भाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "नको." मास्तर परत फिरायचे. हे रोजचंच.

"घरचं माणूस आहे मास्तर, बसा की सरळ," मी एकदा म्हणालो.

"कांदा विकायला जाऊ म्हणून ट्रॅक्टरवर बसवून मीच आणलं त्याला इथे," ते म्हणाले. "तेव्हा नव्हतं ना विचारलं." मला फार वाईट वाटलं.

मास्तर रिटायर झाले त्या दिवशी हार, नारळ, भाषणं सगळं झालं. मग ते शाल सावरत शेवटच्या खाटेशी गेले. टकटक. "मी शे, भाऊ. येऊ का?"

भावाने नुसते पाय आखडून जागा केली. आम्ही बघत होतो. पण हा माणूस कसला बसतोय! पुन्हा टकटक. "बसू का?"

भाऊ खेकसला, "कितलं इचारस रे? बस आते!"

मास्तर बसले. मग अंगावरची शाल सोडवत त्यांनी पुन्हा विचारलं, "पांघरू का?"