सुकाणू समितीचं विमान

विमानाचं सगळं काम झालं होतं; फक्त सुकाणू जोडायचं राहिलं होतं.

विमान म्हणजे रिमोटवर उडणारं, हलक्या लाकडाचं, दोन हात लांबीचं. शाळेत गणित शिकवणाऱ्या तौफिक सरांनी ते घरच्या जेवणाच्या टेबलावर बांधलं. गेल्या रमजानपासून टेबल विमानतळ झालं होतं आणि कुटुंब चटईवर जेवत होतं. कॉलनीच्या नागरी मंडळाच्या वर्धापनदिनी विमान उडायचं होतं. त्यांच्या पत्नी यास्मिनभाभींची अट साधी होती: विमान धड परत आलं, तर पुढचंही याच टेबलावर बांधा, नाही आलं, तर टेबल माझं.

उरलेलं काम किरकोळ होतं. विमानाच्या पोटात इवलीशी मोटर, शेपटीला उभी हलती फळी, आणि दोघांना जोडणारी बारीक सळई. सळई सरकली की फळी वळते, फळी वळली की विमान वळतं. पण या फळीला तौफिक सरांनी मंडळाला दिलेल्या प्रगती अहवालात रडर न म्हणता, शुद्ध मराठीच्या हौसेपायी लिहिलं: 'सुकाणू जोडणे बाकी.'

मंडळाला एक सुकाणू समिती होती. स्थापनेपासून होती. ती काय करते हे कुणी विचारलं नव्हतं, आणि समितीनेही काही करून ती शंका कुणाच्या मनात येऊ दिली नव्हती. तिचे अध्यक्ष शिवराजराव यांनी अहवाल दोनदा वाचला आणि ते गंभीर झाले. सुकाणू समिती अस्तित्वात असताना सुकाणू परस्पर जोडलं जाणं, हा समितीचा अवमान ठरला असता.

बैठक झाली. समितीत शिवराजरावांखेरीज सचिव मंजुषाताई होत्या आणि पाचोडचे रामकिसनकाका होते. काकांची शेती गावी, नोकरी शहरात आणि घर कॉलनीच्या डाव्या ओळीत. सळई शेपटीच्या उजव्या अंगाला बसणार, हे कळताच त्यांनी चष्मा काढला.

"मंग डाव्या ओळीनं काय नुसतं वर बघत बसायचं व्हय?"

मंजुषाताईंनी याहून मूलभूत मुद्दा मांडला: एकाच माणसाच्या हाती रिमोट, ही सामूहिक नेतृत्वाची पायमल्ली आहे. ठराव झाला. प्रत्येक सदस्याला स्वतंत्र रिमोट, स्वतंत्र मोटर, स्वतंत्र सळई. तिन्ही सळया त्याच फळीला. तौफिक सरांचा रिमोट तांत्रिक सहाय्य म्हणून राहील.

एकानं डावीकडे ओढलं आणि दुसऱ्यानं उजवीकडे, तर फळी हलणारच नाही, असं तौफिक सरांनी वर्गातल्या आवाजात समजावलं.

"त्यालाच समतोल म्हणतात, सर," शिवराजराव म्हणाले.

घरी यास्मिनभाभींनी पोळ्या लाटता लाटता प्रश्न निकाली काढला. "दे दो ना सबको रिमोट. बत्ती जली की लोगां खुश. सळई तेवढी आपली जोडा."

सर शहागंजच्या बाजारात गेले आणि मोडक्या खेळण्यांचे तीन रिमोट घेऊन आले. तिन्हींचे लाल दिवे लागत होते. विमानाला सळई एकच जोडली, स्वतःच्या रिमोटची.

वर्धापनदिनी छावणीपलीकडच्या मैदानावर विमान सुरेख उडालं. मंडपावरून डावीकडे वळलं, तेव्हा काकांनी अंगठा दाबून आजूबाजूला पाहिलं. उजवीकडे वळलं, तेव्हा शिवराजरावांनी नम्रपणे मान झुकवली. मधला सरळ भाग मंजुषाताईंनी सांभाळला. समितीत इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. तौफिक सर एका कोपऱ्यात घाम पुसत होते.

विमान असं झकास चाललेलं पाहून शिवराजरावांना उदार वाटलं. त्यांनी माइक घेतला. विमान आता समितीच्या हाती सुखरूप आहे. तेव्हा ज्यांनी ते बांधलं, त्यांचा सत्कार या क्षणीच व्हावा. सर नको म्हणाले, तो विनय समजला गेला. काकांनी त्यांच्या हातातला रिमोट प्रेमानं काढून खुर्चीवर ठेवला. "सर, तुमी आता आराम करा. आमी हाव ना." एका हातात नारळ आला, दुसऱ्यात पुष्पगुच्छ, खांद्यावर शाल. फोटोवाला म्हणाला, वर नका बघू, इकडं बघा.

विमान सरळ गेलं. छावणीच्या झाडांवरून गेलं, ठिपका झालं, मग ठिपकाही नाही. तिघं बटणं दाबत होते. दिवे लागत होते.

चौकशी सुकाणू समितीनेच केली आणि निष्कर्ष काढला: समिती चालवत होती तोवर विमान उत्तम चाललं. सत्कारमूर्तींचं लक्ष विचलित झाल्यामुळे ते भरकटलं. न राहवून तौफिक सरांनी सळयांचं खरं सांगून टाकलं. शिवराजरावांनी शांतपणे विचारलं, "दिवा लागत होता की नाही?"

टेबल यास्मिनभाभींना मिळालं. मन मोठं करून समितीने सरांना सदस्य करून घेतलं आणि तसाच लाल दिव्याचा रिमोट दिला. बैठकीत ते तो दाबतात. परवा रस्त्याच्या खड्ड्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी दोनदा दाबला, आणि त्यांना बरं वाटलं.

तुम्ही हसताय, हसा. तक्रारीचा नंबर मोबाईलवर आला की आपणही खड्डा बुजल्यासारखे झोपतो, आणि लिफ्टचं दार बटणावरच्या आपल्याच बोटानं मिटलं असं मानतो. सळई कुठवर गेलीय, ते पाहायला मान वाकवावी लागते. दिवा बसल्या जागी दिसतो.