हात न उगारता राखलेलं गाव

"अख्खा गेम मी कुणाच्या केसालाही धक्का न लावता जिंकून दाखवतो!"

मी हे जाहीर केलं तेव्हा समोर बायको आणि मुलगी होत्या. दोघींपैकी एकीलाही हसू आलं नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

गेम मुलीचा. भलंमोठं मोकळं जग. कुठेही हिंडा, काहीही करा. त्यात तिने महिनोन् महिने खपून एक गाव वसवलं होतं. विहीर, शेळ्या, लोहार, भोवती तटबंदी. आता त्या गावावर दरोडेखोर चालून येणार होते. अशा वेळी सगळं जग तलवार उपसतं. मी नुसतं गोड बोलून त्यांना परत पाठवणार होतो!

"पैज?" मुलगी म्हणाली. "गाव वाचलं तर मी एक शब्द बोलणार नाही. बुडालं तर तू काकांना सांगायचं, माझी खोली सोडा."

काका म्हणजे माझा थोरला भाऊ. त्यांच्या घराला रंग द्यायचाय म्हणून दादा-वहिनी आठ दिवसांसाठी आले. त्या रंगाचे आता पोपडे निघायची वेळ आली, तरी मुक्काम हलला नव्हता. ऐन परीक्षेत पोरगी हॉलमध्ये सोफ्याला टेकून अभ्यास करत होती आणि मी मूग गिळून बसलो होतो. लोक याला भित्रेपणा म्हणतात. मी शांतताप्रिय स्वभाव म्हणतो.

दरोडेखोर आले. पडद्यावर पर्याय उमटले: हल्ला, पळ, बोलणी. मी ऐटीत बोलणी निवडली आणि वर सरदाराला टोपलीभर भाकरी दिल्या. तो हसला.

"बघ! विरघळला!"

"बाबा, तो हसलाय. गेलेला नाहीये."

"अगं, माणसाला वेशीबाहेर ताटकळत ठेवून बोलणं बरं दिसतं का?" असं म्हणत मी गावाचं दार उघडलं.

"दार नको!" मुलगी किंचाळली.

उशीर झाला होता. टोळी घोड्यांसकट आत घुसली आणि थेट लोहाराच्या घरात पथारी पसरली. लोहार धावत माझ्याकडे आला. "मालक, काहीतरी करा!" मी त्याच्यासाठी उत्तर निवडलं: "थोडं सांभाळून घ्या." बिचारा हातोडा घेऊन एकटाच गेला आणि आडवा झाला. मग गवळी गेला, गवळ्याची आई गेली, शेळ्यासुद्धा गेल्या! मी विहिरीमागे दबा धरून 'बोलणी'चं बटण दाबत होतो. शेवटी पडद्यावर अक्षरं आली: 'तुमच्या हातून बळी: शून्य. गावात शिल्लक: तुम्ही.'

"शून्य!" मी ओरडलो. "म्हटलं नव्हतं?"

मुलगी रडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "लोहार तुझ्याकडे आला होता, बाबा."

"त्यासाठी गेम कशाला हवा?" बायको म्हणाली. "घरी रोज बघतोच आहोत."

हे मात्र मला झोंबलं. मी तडक उठलो, दादाच्या, म्हणजे मुलीच्या, खोलीत गेलो आणि घसा खाकरला. "दादा, या खोलीबद्दल जरा बोलायचं होतं."

"बरं झालं तूच विषय काढलास!" दादा उठून बसला. "कोंदट आहे रे फार. तुझ्या वहिनीला झोप लागत नाही. पण सांगितलं तर तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होतो."

"छे छे! वाईट कसलं त्यात?"

पाच मिनिटांत सगळं ठरलं. आवाज नाही, वाद नाही! मी छाती पुढे काढून हॉलमध्ये आलो. "दादा खोली सोडतोय!"

पोरीने मला घट्ट मिठी मारली. कितीतरी महिन्यांनी. त्या मिठीत मला खरंच वाटलं, आपणही कुणीतरी आहोत.

बायकोला मी जास्त माहीत. "आणि जाणार कुठे?" तिने विचारलं.

"आपल्या खोलीत. तिथे वारा छान येतो ना."

मिठी सुटली. दादा-वहिनी सामान घेऊन आमच्या खोलीत गेले, तशी बायकोने आपलं पांघरूण उचललं, मुलीच्या खोलीत नेलं आणि दोघींनी आतून कडी लावली. मी सोफ्यावर आडवा झालो.

तेवढ्यात आमच्या खोलीतून दादाची हाक आली, "अरे, इथे उशी एकच आहे रे!"

मी माझी नेऊन दिली. उगाच भांडण नको!