दैवशालाचं एकटीचं तिकीट

एकट्यानं प्रवासाला जायचं तर दोनच गोष्टी लागतात, असं दैवशालाचं ठाम मत होतं. एक तिकीट आणि दुसरी, तोंड बंद ठेवायची अक्कल. तिच्याकडे दोन्ही होत्या. मुरुमहून धाराशिवपर्यंत एसटी, तिथून रात्रीची पनवेलची गाडी, पनवेलला उतरून कोकणची गाडी, दुपारी रत्नागिरी. समुद्र बघायचा, संध्याकाळी परतीची गाडी धरायची, तिसऱ्या दिवशी घरी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, रेल्वेत स्लीपर, खायला घरचे धपाटे आणि शेंगाची चटणी. हॉटेलात पाऊल टाकायचं नाही आणि चहासुद्धा दिवसातून एकदाच! अंगणवाडीतल्या मदतनीसबाईच्या मानधनात याहून स्वस्तात कुणी समुद्र बघून दाखवावा.

समुद्राचं खूळ तिच्या डोक्यात अंगणवाडीतच शिरलं होतं. भिंतीवर एक तक्ता होता, त्यात निळं पाणी, एक होडी आणि तीन मासे. बावीस वर्षं ती पोरांना त्या तक्त्यावर बोट ठेवून समुद्र शिकवत होती. मागच्या उन्हाळ्यात एका पोरीनं विचारलं की बाई, याचा पलीकडचा काठ कुठं हाय? दैवशाला म्हणाली, असंल की तिकडं. पोरगी गप्प बसली, पण दैवशालाला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. बावीस वर्षं आपण न बघितलेली गोष्ट शिकवतोय, आणि कुणी विचारलं तर फेकतोय, याची तिला खरोखर लाज वाटली.

नवऱ्याला तिनं त्या उन्हाळ्यातच एकदा विचारून बघितलं होतं. उत्तरेश्वर एका शाळेत कारकून. कागद सोडून कशातच जीव न गुंतवणारा माणूस. तो म्हणाला होता, "समुद्रात काय बघायचं? पाणीच की. आपल्या माकणीच्या धरणात काय दूध हाय?"

माकणी तिचं माहेर. धरण तिनं जन्मभर बघितलं होतं. त्यामुळं पुढं बोलायला जागाच उरली नव्हती.

या खेपेला तिनं विचारलं नाही, सांगितलं. उत्तरेश्वर मोबाइलवर क्रिकेट बघत असताना म्हणाली, मी शुक्रवारी जरा दोन दिवस जाऊन येते. तो म्हणाला, "हूं." या घरात हूं म्हणजे परवानगी. याच हूंवर फ्रीज आला होता, याच हूंवर हर्षाली नर्सिंग शिकायला पुण्याला गेली होती. त्याच हर्षालीनं आता मोबाइलवर आईचं तिकीट काढून दिलं, खालचा बर्थ मिळवून दिला आणि वर बजावलं की रेल्वेत अंगावर सोनं घालून बसू नकोस, गळ्यातलं ओढतात.

दैवशालानं सगळं मनावर घेतलं. आठ दिवसांत पिठाचे डबे भरून ठेवले. सासूची औषधं पुड्या करून लावली. उत्तरेश्वरचे पाच शर्ट इस्त्री करून ठेवले, दोन दिवसांसाठी पाच! आणि शुक्रवारी सकाळी अंघोळ झाल्यावर गळ्यातलं सोन्याचं मंगळसूत्र काढून नुसती काळी पोत घातली. सोनं ठेवायचं कुठं? कपाटावर तिचा भरवसा नव्हता. देवापुढं ठेवलेल्या वस्तूला चोरसुद्धा हात लावत नाही, म्हणून तिनं ते देव्हाऱ्यात हळदीकुंकवाच्या पाळ्याशेजारी ठेवलं. सासूला सापडावा म्हणून किल्ल्यांचा जुडगाही तिथंच ठेवला, आणि अर्ध्या दिवसाची अंगणवाडी करायला निघून गेली.

इथं तिचं चुकलं. बाकी बेतात मुंगी शिरायला जागा नव्हती, पण गिरिजाबाई रोज नऊ वाजता देवपूजा करतात हे ती विसरली.

गिरिजाबाई म्हणजे तिची सासू. म्हातारीनं देव्हाऱ्यापुढं पाट मांडला आणि बघते तर देवापुढं सुनेचं मंगळसूत्र, शेजारी घरच्या किल्ल्या, पाठीमागं काठोकाठ भरलेले पिठाचे डबे आणि खाटेखाली भरलेली पिशवी. आता यातून जगातली कोणतीही सासू काय समजेल? आपल्याकडं बाई गळ्यातलं देवापुढं ठेवते आणि किल्ल्या सोडते ती कशासाठी, हे सांगायला पंडित लागत नाही. पूजा तशीच ठेवून म्हातारीनं माकणीला फोन लावला.

दुपारी दोन वाजता दैवशाला घरी आली तेव्हा दारात तिच्या भावाची जीप उभी होती. भाऊ वैजनाथ, भावजय मंजुषा आणि शाळेतून अर्ध्या रजेवर बोलावलेला उत्तरेश्वर ओसरीत बसले होते. मधोमध हणमंतप्पा. हणमंतप्पा गल्लीतले वडीलधारे, गुडघ्यानं अधू पण जिभेनं धडधाकट. निवृत्त झाल्यापासून नवरा-बायकोची भांडणं मिटवणं हाच त्यांचा उद्योग होता, आणि भांडण सापडलं नाही तर ते दोन-दोन महिने आजारी पडत.

"ये बाई, बैस," ते म्हणाले. दैवशाला बसायला गेली, तर मंजुषा म्हणाली की आधी जरा चहा टाका वन्स, सकाळपास्नं कुणी घोट घेतलेला न्हाय.

म्हणून तिच्या संसाराची बैठक सुरू झाली तेव्हा ती आत चहा गाळत होती. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. गिरिजाबाई रडत सांगत होत्या की सून घर सोडून चाललीय. वैजनाथ म्हणत होता की दाजी, माझ्या बहिणीनं जिंदगीत कधी एकटीनं एसटीसुद्धा धरली नाही, तिला कशापायी ही पाळी आली? आणि उत्तरेश्वर नुसता घाम पुसत होता.

दैवशाला ट्रे घेऊन बाहेर आली आणि तिनं हसत सांगितलं की असं काही नाही, सोनं चोरीच्या भीतीनं काढलंय, दोन दिवसांत परत येणार आहे. मग कुठं चाललीस, असं भावानं विचारलं.

"समुद्र बघायला," ती म्हणाली.

मंजुषाच्या हातात कप तसाच राहिला. आणि मग गिरिजाबाईंनी जो हंबरडा फोडला तो ऐकून समोरच्या घरातली माणसं दारात आली. गळ्यातलं काढलं, किल्ल्या सोडल्या, एकटी चालली, आणि ती समुद्राला! म्हातारीनं दैवशालाचा हात असा धरला, जणू आत्ताच कुणी तिला लाटेत ढकलत होतं.

दैवशालानं छापून आणलेलं तिकीट दाखवलं. परतीचंही दाखवलं. वैजनाथनं ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला की परतीचं तर कुणीबी काढतंय, लोकांना संशय येऊ नये म्हणून. तिनं तक्त्याचं सांगितलं, त्या पोरीचं सांगितलं, पलीकडच्या काठाचं सांगितलं. हणमंतप्पांनी मान हलवली आणि मंजुषाला हळूच म्हणाले की डोक्यावर परिणाम झालाय. एक धड बाई, सत्तेचाळीस वर्षांची, आपल्या मनानं तीन दिवस कुठं जाऊन येईल हे त्या ओसरीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात शिरेना. मरायला चालली हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं.

मग हणमंतप्पा उत्तरेश्वरकडं वळले. त्यांची एक ठरलेली रीत होती. समोरच्याचा गुन्हा माहीत असो नसो, डोळे मिटायचे, मान डोलवायची आणि एकच वाक्य टाकायचं.

"आमाला समदं कळलंय, उत्तरेश्वर. आता तुज्या तोंडानं सांग."

उत्तरेश्वरनं बायकोकडं बघितलं, आईकडं बघितलं, मेव्हण्याच्या मनगटाकडं बघितलं. कारकुनी करणाऱ्या माणसाला सगळं कळलंय या शब्दांचं फार भय असतं. त्याचा बांध फुटला.

"व्हय, गेलतो म्या गोव्याला," तो म्हणाला. "सात वर्सं झाली. शाळेतले आमी चौघं. लातूरला ट्रेनिंग हाय म्हणून सांगितलं. चार दिवस हुतो. पण बाई-बाटली कायबी न्हाय, आईची आण. नुसतं पाण्यात बसत हुतो सकाळपास्नं."

दैवशाला दारात उभी होती. ते लातूरचं ट्रेनिंग तिला चांगलं आठवत होतं. नवरा काळा पडून आला होता म्हणून तिनं आठ दिवस त्याला ताक पाजलं होतं.

तिला एवढंच विचारावंसं वाटलं, आणि तिनं विचारलं. "कसा असतो?"

"काय?"

"समुद्र."

उत्तरेश्वरनं खरोखर विचार केला. "लई मोठा असतोय," तो म्हणाला.

एवढं बोलून झाल्यावर आता रणकंदन माजेल असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. वैजनाथ आधी गालात हसला, मग विचारता झाला की दाजी, हॉटेल किती पडलं होतं? हणमंतप्पा म्हणाले की पुरुष माणूस, चार दिवस गेला, त्यात काय एवढं मनाला लावून घ्यायचं. गिरिजाबाईंनी डोळे पुसले आणि पोरगा वाईट नादाला लागला नाही म्हणून देवाला हात जोडले. नवऱ्याचा समुद्र दहा मिनिटांत माफ झाला. तिचा तेवढा शिल्लक राहिला.

त्यावर हणमंतप्पांनी निकाल दिला. बाईला समुद्राची हौस आहे ना, मग नवऱ्यानं स्वतः न्यावी. पण नुकतंच एवढं झालंय, दोघांनाच कसं सोडायचं? भाऊ-भावजय सोबत जातील. म्हातारी घरी एकटी कशी राहील? ती येईल. आणि वाटेत पुन्हा काही बिनसलं तर समजूत घालायला कुणी वडीलधारं माणूस नको का? तेव्हा गुडघ्याला त्रास झाला तरी चालेल, पण आपण येऊ, असं ते म्हणाले. सगळ्यांनी त्यांना धन्यवाद दिले.

धाराशिवहून तिची गाडी सुटली त्या वेळी दैवशाला सहा माणसांच्या भाकरी थापत होती.

हर्षालीनं फोनवर खूप सांगितलं की आई, तू ऐकू नकोस, मी पुन्हा तिकीट काढते, कुणाला न सांगता जा. दैवशाला म्हणाली, जाऊ दे. हा शब्द तिच्या तोंडात इतका बसला होता की तो म्हणताना आता जीभही हलत नसे.

पंधरा दिवसांनी सहाजण निघाले. एका माणसाला वीस धपाटे लागणार होते, तिथं सव्वाशे लागले. तिनं दोन दिवस आधीपासून तवा खाली ठेवला नव्हता. गाडीत तिला खालचा बर्थ मिळाला, पण खालचा बर्थ म्हातारीला द्यावा लागतो. मधला हणमंतप्पांच्या गुडघ्याला चालणार नव्हता, त्यांनाही खालचाच हवा होता. दैवशाला सगळ्यात वर, पंख्याला डोकं लावून पडली. सगळी वाट उत्तरेश्वर समुद्राविषयी बोलत होता. चोरी उघडी पडल्यापासून त्याला कंठ फुटला होता. भरती म्हणजे काय, ओहोटी म्हणजे काय, पायाखालची वाळू कशी सरकते, हे तो मंजुषाला असं समजावत होता, जणू तिथंच त्याचा जन्म गेला होता. सात वर्षं एवढं सगळं पोटात ठेवून हा माणूस रोज समोर बसून जेवत होता, या विचारानं दैवशालाला वर झोप लागली नाही. तिला त्याचा राग आला होता, गोव्याचा नव्हे, धरणाच्या दुधाचा.

दुपारी ते किनाऱ्यावर पोहोचले. सुरूच्या झाडांखाली पिशव्या टेकवल्या. ओहोटी होती. पाणी लांब, खूप लांब, पातळ कडेसारखं चमकत होतं. दैवशालानं पदर खोचला आणि चपला काढायला वाकली.

"अगं, समदेच गेले तर सामानाला कोण?" उत्तरेश्वर म्हणाला. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग तिच्याकडं. त्याला एकदम विनोद सुचला. "तू बस की हितं. तसंबी तुला एकटीलाच यायचं हुतं न्हवं?"

सगळे हसले. हणमंतप्पा तर खोकेपर्यंत हसले. वैजनाथनं हात धरून म्हाताऱ्या माणसांना सांभाळून पुढं नेलं, आणि पाचही जण पाच जोड चपला तिच्यापुढं सोडून अनवाणी पाण्याकडं चालू लागले. लहान होत होत ठिपके झाले. मंजुषाची किंकाळी एकदा ऐकू आली, लाट आली असावी.

दैवशाला बसली. आजूबाजूला कुणी नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी हाक मारत नव्हतं. परतीची सगळी तिकिटं तिच्याच पिशवीत होती, मोबाइल होता, हातखर्चाचे पैसे होते. तिच्या मनात आलं, उठावं आणि सरळ स्टेशनची वाट धरावी, बसू देत या पाचांना रत्नागिरीत. विचार इतका खरा होता की ती उठलीसुद्धा. खांद्याला पिशवी लावली, साडी झटकली.

तेवढ्यात तिचं लक्ष गेलं. ऊन सरकून चपलांवर आलं होतं. रबर तापलं असतं. ती खाली वाकली, एकेक करून दहाच्या दहा चपला तिनं सावलीत ओढल्या, सगळ्यात आधी उत्तरेश्वरच्या, आणि मग पिशवी खाली ठेवून पुन्हा बसली. म्हातारीचे तळवे फार नाजूक आहेत, चटका बसला की लगेच फोड येतात.