पारोसा गाऊन

“जा तू बिनघोर. शेळ्यांचं मी बघतो की,” असं धम्मदीप म्हणाला आणि तिथंच सगळं बिघडलं.

तो असं काही म्हणेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. कुणालाच म्हणजे त्याच्या बायकोला, संघप्रियाला. कारण घरात तिसरं माणूस नव्हतं. (शेळ्या धरल्या तर आणखी सात जणी होत्या. त्यांनाही वाटलं नसावं.)

देगावच्या पुढं, सोलापूर संपतं न संपतं तिथं या दोघांचं छोटं घर होतं आणि घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये संघप्रियाची शेळ्यांची डेअरी. आधी ती एका दूध संकलन केंद्रात दूध तपासायची. दुसऱ्यांच्या दुधातलं पाणी शोधून शोधून कंटाळली, तेव्हा नोकरी सोडून तिनं शेळ्या घेतल्या आणि पुण्याला जाऊन चीज बनवायचं शिकून आली. “शेळीच्या दुधाचं चीज? ते खानार कोन?” असं सगळ्या नातेवाइकांनी विचारलं. पहिलं वर्षभर ते बहुतेक धम्मदीपनंच खाल्लं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चीज असा डबा घेऊन तो कॉलेजच्या ऑफिसात जायचा. तिथं तो हेडक्लार्क होता. डेअरीतलं त्याचं काम म्हणजे पेंडीची पोती स्कूटरवरून आणणं आणि कुणी भेटलं की “आम्ही चीज बनवतो” असं सांगणं. त्यातला ‘आम्ही’ तो फार ठासून म्हणायचा.

आणि आता कुठं नशीब उघडत होतं. पुण्याच्या एका बेकरीवाल्या बाईंनी येत्या रविवारसाठी चीज मागवलं होतं. आवडलं तर दर महिन्याला घेणार होत्या. नेमका त्याच आठवड्यात कुर्डुवाडीहून फोन आला. संघप्रियाची धाकटी बहीण दीक्षा, तिला दिवसांच्या आधीच कळा सुरू झालेल्या. नवरा रेल्वेच्या कामावर बाहेरगावी. आई तर केव्हाच गेलेली. संघप्रिया पिशवीत दोन साड्या कोंबता कोंबता रडकुंडीला आली. “ऑर्डरचं काय करू? शेळ्या कोन पिळंल?”

तेव्हा धम्मदीप ते वाक्य बोलला.

संघप्रियानं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं एखाद्या माणसानं ‘रेल्वे मी चालवतो’ म्हटल्यावर गार्ड पाहील. पण गाडीची वेळ झाली होती. रिक्षात बसेपर्यंत ती सांगत राहिली. दूध कोमट करा, उकळू नका. विरजण भुरभुरवा, गोठवायचे थेंब टाका आणि मग हात लावू नका. सकाळी फडक्यात बांधून टांगा, निवळीचं पाणी गळू द्या. रिक्षा हलली तरी मान बाहेर काढून ओरडली, “आनि आक्काशी नीट बोला!”

आक्का ही कळपातली थोरली. काळीभोर, एक कान चिरलेला, नजर हेडमास्तरणीची. ती उभी राहिली की बाकीच्या उभ्या, ती बसली की बाकीच्या बसल्या. धार काढायला आधी आक्काची मर्जी सांभाळावी लागे.

संध्याकाळी धम्मदीप बादली घेऊन शेडमध्ये गेला. आक्कापुढं पेंड ठेवली, खाली बसला आणि कासेला हात लावला. आक्कानं खाणं थांबवलं, मान वळवून त्याला नीट पाहून घेतलं आणि मग लाथ घातली. बादली एकीकडं, धम्मदीप दुसरीकडं. तो पुन्हा बसला, तिनं पुन्हा घातली. मग तो बाकीच्यांकडं वळला. त्यांनी आक्काचं पाहिलंच होतं.

रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी संघप्रियाचा फोन आला. दीक्षाला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, पण बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं म्हणून तिला थांबावं लागणार होतं. मग तिनं विचारलं, “दूध निघालं?”

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण बहिणीच्या काळजीत बसलेल्या बायकोला आणखी घोर नको, असा उदात्त विचार त्यानं केला. (शिवाय अब्रू होतीच.)

“निघालं की. भरपूर.”

“आक्कानं दिलं?”

“दिलं की. मायेनं हात फिरवला, जनावराला कळतंय सगळं.”

“ती माझ्याशिवाय बाईलासुद्धा जवळ येऊ देत न्हाय.”

“आता देते,” धम्मदीप म्हणाला. पलीकडून फोन बंद झाला. रेंज गेली असेल असं त्याला वाटलं.

सकाळी शेळ्यांच्या ओरडण्यानंच त्याला जाग आली. कासा तटून दगडासारख्या झाल्या होत्या. हात लावू म्हटलं तर आक्का कळवळून उडी मारत होती आणि वर लाथही मारत होती. आता मात्र त्याची चेष्टा संपली. त्याला खरोखर घाम फुटला. त्यानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

“दूध तुंबलं तर कास सुजंल, मग शेळी कायमची जाईल दुधातनं,” डॉक्टर म्हणाले. “कसंही करून पिळा. वहिनींच्या वासाची सवय हाय त्यांना. वहिनींचं काहीतरी जवळ ठेवा.”

धम्मदीपनं कपाट उघडलं आणि वरचाच घडी घातलेला गाऊन काढून खांद्यावर टाकला. आक्कानं वास घेतला आणि शिंकली. गाऊनाला साबणाच्या पावडरीचा वास होता. मग त्याला आठवलं, न्हाणीघराच्या दारामागं खुंटीला संघप्रियाचा पारोसा गाऊन लटकतोय. घाईत धुवायचा राहिला होता. निळा, पिवळ्या फुलांचा. घाम, पेंड, दूध, धूर असे सगळे वास त्यात मुरलेले.

खांद्यावर टाकून चालेना, सारखा घसरे. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यानं तो सरळ पँटवरून अंगात चढवला. छातीवरची बटणं लागली नाहीत. खाली नडग्या उघड्या राहिल्या. तरीही आक्का त्याच्या टकलाकडं संशयानं बघत होती, म्हणून त्यानं गाऊनावरची तिची ओढणी डोक्यावरून घेऊन हनुवटीपर्यंत ओढली. आणि मग, आपल्यालाच ऐकू येईल न येईल अशा चिरक्या आवाजात म्हणाला, “आलं गं माझं सोनं, आलं गं माझं शहाणं...”

आक्कानं गाऊनात तोंड खुपसलं. दोनदा हुंगलं. मग एक लांब सुस्कारा टाकला, मागचे पाय फाकवले आणि पेंड खायला लागली.

बादलीच्या तळाशी पहिली धार वाजली तेव्हा धम्मदीपच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नात आलं नव्हतं, बढतीच्या वेळीही आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. एकेक करून साती जणी त्यानं मोकळ्या केल्या. शेवटची सुटली, तोच कुंपणापलीकडून आवाज आला.

“कोन गं तू?”

शेजारच्या गिरिजाबाई. वय झालेलं, मोतीबिंदू पिकलेला, पण कुतूहल ताजं. धम्मदीप पाठमोरा होता. वळावं तर मिश्या दिसणार आणि दुपारपर्यंत देगावभर होणार. त्यानं ओढणी आणखी पुढं ओढली आणि त्याच चिरक्या आवाजात उत्तर दिलं.

“पावनी हाय, मावशी.”

“कुटली?”

समोर पेंडीचं पोतं होतं. त्यावर दुकानाचं गाव छापलेलं. “टेंभुर्णीची,” तो म्हणाला.

“संघप्रिया तर कुर्डुवाडीला गेलीय की गं?”

“व्हय,” असं म्हणून पावनी बादली उचलून लगबगीनं घरात शिरली. पाठीमागं गिरिजाबाई बराच वेळ “अय्यो, अय्यो” करत उभ्या होत्या.

पुढचे दिवस मजेत गेले. धम्मदीपला हात बसला. तो सकाळी गाऊन घालून धारा काढी, शर्ट घालून ऑफिसला जाई, संध्याकाळी पुन्हा गाऊन. (एकदा घाईत ओढणी गळ्यातच राहिली. प्रिन्सिपॉलनी सर्दी झाली का विचारलं.) दूध कोमट करून, विरजण घालून, हात न लावता त्यानं गोठवलं. पहिलं फडकं टांगलं आणि निवळी थेंब थेंब गळताना बघत स्टूल घेऊन समोर बसून राहिला, जणू काही ते सलाइन होतं. चीज मऊ आलं. मीठ जरा जास्त पडलं, पण आलं. फोनवर संघप्रिया मात्र दिवसेंदिवस कमी बोलत चालली होती. आधी “हां”, मग “हूं”, मग नुसताच श्वास. बाळंतिणीची जागरणं, असं त्यानं धरलं.

शनिवारी सकाळी तो आक्काला पिळत होता, गाणंही म्हणत होता. फाटकाशी रिक्षा थांबल्याचं त्याला कळलंच नाही. कळलं ते पाठीत खराटा बसला तेव्हा.

“कोन गं तू भवाने? माझ्या घरात, माझ्या शेळ्या, वर माझाच गाऊन?”

धम्मदीपनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे बादली डोक्यावर उचलून धरली. त्यात उद्याच्या ऑर्डरचं शेवटचं दूध होतं. दुसरा खराटा बसला तरी त्यानं एक थेंब सांडू दिला नाही.

“अगं मी हाय! मी!” तो ओरडला. पण इतक्या दिवसांच्या सवयीनं आवाज चिरकाच निघाला.

“तूच! तूच ती टेंभुर्णीची!” संघप्रियाचा आवाज फाटला. “आनि तो कुटं लपलाय? अहो! बाहेर या!”

“मी बाहेरच हाय, प्रिया!” तो वळला. ओढणी घसरली. टक्कल उघडं पडलं, त्याखाली घाबरलेले डोळे, त्याखाली मिश्या, आणि त्याखाली निळ्यावर पिवळी फुलं.

खराटा हवेतच राहिला. संघप्रियानं त्याला खालून वर पाहिलं, वरून खाली पाहिलं. मग पेंडीच्या पोत्यावर मटकन बसली आणि रडायला लागली. धम्मदीप बादली डोक्यावर घेऊन तसाच उभा. जवळ जावं तर दूध, दूध ठेवावं तर आक्का. रडता रडता मध्येच तिच्या घशातून काहीतरी वेगळाच आवाज आला. त्याला वाटलं उचकी. ती हसत होती. हसता हसता पदर तोंडात धरत होती आणि पुन्हा रडत होती.

“फोटो पाठवला मला गिरिजामावशींनी,” ती म्हणाली आणि फोन पुढं केला. सकाळचं कोवळं ऊन, शेडच्या पत्र्यावर तांबूस उजेड, आणि पाठमोरी वाकलेली एक बाई धार काढतेय. खाली मजकूर: ‘टेंभुर्णीची पावनी.’

कुंपणापलीकडं गिरिजाबाई हजर होत्याच. “मला डोळ्याला दिसंना,” त्या म्हणाल्या. “पन फोनला दिसतंय की. नातवानं नवा दिलाय.”

“टेंभुर्णी वाचलं आनि मला तुमची ती आठवली,” संघप्रिया म्हणाली. लग्नाआधी धम्मदीप टेंभुर्णीला एक मुलगी बघून आला होता. ती आपल्याला पसंत पडली नाही, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं. “मला वाटलं, तिचा आनि तुमचा... गाडीत मी काय काय ठरवलं होतं, अहो. शेळ्या घेऊन दीक्षाकडं जायचं, भांडी राहू द्यायची. चीजचा छोटा फ्रीज तेवढा न्यायचा.”

“अगं, तिनं मला नापसंत केलं होतं,” धम्मदीप म्हणाला. “माझ्यासमोरच. चहा यायच्या आधी.”

हे ऐकून संघप्रियाच्या चेहऱ्यावर जो आराम पसरला, तो दीक्षाच्या बाळाला पेटीतून बाहेर काढलं तेव्हाही पसरला नसेल. तिनं बादली त्याच्या डोक्यावरून उतरवून घेतली. आत जाऊन चीजचा तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले. धम्मदीप गाऊनमध्येच दारात उभा, निकालाच्या दिवशी पोरगं उभं राहावं तसा.

“मीठ जास्त हाय,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “पन चीज हाय.”

त्यानं भिंतीला पाठ टेकली. खराट्याचे वळ दुखले, पण किती दिवसांनी त्याला सरळ श्वास घेता आला. संघप्रियानं त्या पाठीला हळद-तेल लावलं आणि लावता लावता पुन्हा दोनदा हसली.

रविवारी चीज पुण्याला गेलं. बेकरीवाल्या बाईंनी दुकानाच्या भिंतीवर लावायला चीज बनवणाऱ्या बाईंचा एखादा फोटो मागवला होता. संघप्रियानं आपले सगळे फोटो पाहिले. एकात डोळे मिटलेले, एकात आक्का मध्ये आलेली. शेवटी तिनं गिरिजाबाईंचाच पाठवून दिला. तोंड कुठं दिसतंय, असं म्हणाली. धम्मदीपनं वरवर फार आरडाओरडा केला. पण आपण पुण्याच्या भिंतीवर, या विचारानं त्या रात्री त्याला झोप छान लागली.

आठवड्यानं पुण्याहून फोन आला. संघप्रिया बोलत असताना तो तिच्याभोवती घिरट्या घालत होता.

“काय म्हणाल्या?”

“चीज संपलं म्हणे. पुढच्या महिन्याला जास्त पाठवा म्हणाल्या.”

“आनि फोटो?”

“लई आवडला. गिऱ्हाइकं थांबून बघतात म्हणे.”

धम्मदीपनं मिशीवरून बोट फिरवलं. “काय म्हणतात बघून?”

संघप्रियानं पदर तोंडाशी धरला.

“म्हणतात, या वयात इतकं वाकवू नका आजींना.”