बिडाच्या तव्याची पहिली आंघोळ

लग्न ठरलं तेव्हा मी नुकताच शिकून बाहेर पडलो होतो. त्या भरात नम्रताला शब्द देऊन बसलो: स्वयंपाक तुझा, भांडी माझी. त्याला आता बावीस वर्षं झाली. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, पण रोह्यात आमच्या आळीत माझी ख्याती भांडी घासणारे सर अशीच आहे.

म्हणून शेजारचे मुसाभाई कुवेतहून कायमचे परतताना भांडी धुण्याचं यंत्र घेऊन आले, आणि त्यांच्या बायकोने, फरझानाभाभींनी, ते घरात घ्यायला साफ नकार दिला, तेव्हा मी मोठ्या मनाने ते आमच्याकडे आणलं. माझ्या आयुष्यातली शेवटची कढई मी घासली, असं चौघांना सांगूनही टाकलं!

नम्रताने एकच अट घातली. शनिवारी ती निडीला जाऊन तिच्या आईला, सीताबाईंना, घेऊन येणार होती. संध्याकाळी घावनांचा बेत. तोवर घरातलं एकही भांडं बिघडलं नाही तर यंत्र राहील. बिघडलं तर परत मुसाभाईंच्या ओट्यावर.

ती गेल्यावर मी मुसाभाईंना बोलावलं आणि यात काय टाकायचं, काय नाही, ते विचारलं.

"टाका बिनधास्त, सर," ते म्हणाले. "आमच्या कुवेतच्या हाटेलात अठरा वर्षं सगळा मशीनमधीच टाकत व्हतो."

अठरा वर्षांच्या अनुभवापुढे राज्यशास्त्र काय बोलणार? मी टाकत गेलो. ॲल्युमिनियमची कढई, पोळपाट, लाटणं, ताकाची रवी, सोनेरी काठाचे सहा कप, स्टीलचे पेले. थोडी जागा उरली. तेवढ्यात खुंटीवरचा बिडाचा तवा दिसला. सीताबाईंनी लेकीला लग्नात दिलेला. नम्रता तो मला कधी धुवायला देत नाही, नुसती फडक्याने पुसते. मला त्याची दया आली. बावीस वर्षं आंघोळीवाचून काढलेला जीव! त्याला मधोमध बसवलं आणि बटण दाबलं.

यंत्र गुणगुणू लागलं. आत पाणी सळसळत होतं, भरतीच्या वेळी खाडीत सळसळतं तसं. मी समोर खुर्ची टाकली. माझे हात कोरडे होते. दुपारी दोन वाजता स्वतःचे कोरडे हात बघणं हे सुख भांडी न घासणाऱ्या पुरुषाला सांगूनही कळायचं नाही. हळूहळू डोळे मिटले. कुंडलिका नदीच्या पात्रातून आमची भांडी रांगेने चालली होती. पेले पुढे, कढई होडीसारखी डुलत मागे, आणि तिच्यात तवा, संस्थानिकासारखा रेलून. जाता जाता तो मला म्हणाला, "सर, फार हलकं वाटतंय."

दार वाजलं तेव्हा पाच झाले होते. मायलेकी आल्या. सीताबाई थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि यंत्र उघडलं. वाफेचा ढग बाहेर आला. पेले आरशासारखे चमकत होते. कपांचे सोनेरी काठ मात्र गेले होते. पोळपाटाला तडा गेला होता, रवी फुगली होती. पांढरी कढई काळी पडली होती आणि काळा तवा राखाडी. त्याच्यावर तांबूस गंजही धरला होता.

सीताबाईंनी तवा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"ह्यो कुणाचा तवा गो, नम्रता? आपला कुठं हाय?"

नम्रताने रिकाम्या खुंटीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे.

शेजारून फरझानाभाभी आल्या, मागोमाग मुसाभाईही. स्टील, काच, साधी चिनीमाती घाला, भाभी म्हणाल्या, पण लाकूड, बीड, ॲल्युमिनियम आणि कल्हईची भांडी नाही. म्हणूनच त्यांनी ते यंत्र नाकारलं होतं. मी मुसाभाईंकडे वळलो. तुमच्या हॉटेलात तवे कोण धुवायचं?

"तवे? तवे केरळचा एक म्हातारा सांभाळायचा. त्याच्या तव्याला हात लावायची आमची हिंमत नव्हती."

त्या संध्याकाळी आम्ही घावनांऐवजी पेज खाल्ली. यंत्र सकाळी गेलं. निडीला परत जाताना सीताबाईंनी सौम्य आवाजात मला शिक्षा सांगितली: "जावयबापू, रोज गंज पुसायचा, तेल चोळायचा, तापवायचा. दोन-चार महिन्यात येल रंगावर. ज्यानं धुतला त्यानंच करायचा."

आता मी भांडी घासून झाली की तव्याला तेल चोळतो, आणि तो तापेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहतो. मंद धूर निघतो, डोळे जड होतात. काल नम्रताने त्याच्यावर एक घावन टाकून पाहिलं. अर्धं सुटलं! उरलेलं अर्धं मी खरवडून खाल्लं, आनंदाने मन भरून आलं, आणि तवा उचलून साबणाला हात घातला.

नम्रताने मनगट धरलं म्हणून, नाहीतर पहिल्यापासून सुरुवात होती.